जीपचं मूळ इंजिन

मंगळवार संध्याकाळ, कुडवा

डोकं अजून तापलेलंच आहे. आमच्या जुन्या फौजी जीपचा कार्बोरेटर शोधत मी आठवडाभर नागपुरात, आणि इकडे दादानं मूळ इंजिन उतरवून डिझेलचं बसवलं. मूळ इंजिन. वर्षभर खोलून, घासून मीच जुळवत आणलेलं.

"काऊन काढलं, दादा?"

"बाबाले बसाचं होतं. तुयं इंजिन कधी सुरू होनार होतं?"

बाबा फौजेत अशीच जीप चालवायचे. आता पाय साथ देत नाहीत. दादानं त्यांना आज कामठ्यापर्यंत फिरवून आणलं. आणि मूळ इंजिन अंगणात, चिखलात.

माझ्या बाजूनं बोलतील म्हणून बाबांना विचारलं, "आवाज तसा नव्हता ना?"

"नाही," ते म्हणाले. "पन हवा तशीच लागली."

आता भांडू तरी कोणाशी?