नानासोंनी धरलेला बोकड

सांगली, गुरुवार सकाळ

तीर्थरूप रंगूआत्यांना संयोगिताचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा जमेल तेवढाच वाकून. उरलेला भेटीत करीन.)

गुडघा कसा आहे? कडेगावात गारठा असेल तर मफलर बांधत जा. उजव्या हाताचं मी विचारत नाही, कारण विचारलं की तुम्ही फोन ठेवता. दिवाळीत अर्धांगाचा झटका आला, हात लुळा पडला, मी म्हटलं आमच्या प्रयोगशाळेत या, तर तुम्ही काय म्हणालात? "माझ्या डोक्याला वायरी लावून यंत्रानं आतलं वाचलं, आन् सुनंबद्दलचं समदं बाहीर आलं तर घर मोडंल की गं!" पुढे मला तोंड उघडू दिलं नाहीत. म्हणून हे पत्र. पत्राला दरडावता येत नाही.

तर आत्या, आमचं यंत्र इतकं हुशार नाही. काही करायचं मनात आलं की डोक्याच्या कातडीवर विजेची अगदी बारीक थरथर उठते. बटणं लावलेली आमची टोपी ती टिपते, समीक्षाचा कॉम्प्युटर त्यातून 'धरायचंय' की 'सोडायचंय' एवढंच ओळखतो, आणि जयराजने बनवलेला यांत्रिक हातमोजा लुळी बोटं मिटतो किंवा उघडतो. असं पुन्हा पुन्हा केलं की मेंदूला कधीकधी जुनी वाट सापडते. सुनेबद्दल त्याला काडीचं कळत नाही. (समीक्षाला तिच्या सासूबद्दल पुष्कळ सांगायचं असतं, पण ते ती तोंडानेच सांगते.)

आता परवाची गंमत. नानासो म्हणून आहेत, फौजेतून निवृत्त होऊन दहिवडीकडे शेळ्या पाळतात. तुमच्यासारखाच उजवा हात गेलेला. पहिल्या दिवशी ते आणि त्यांची बायको बनुबाई आले, तेव्हा मोठ्या लोकांत जायचं म्हणून दोघांच्याही डोक्यावर वाटीभर तेल थापलेलं. तेलावर आमची बटणं टिकत नाहीत. टोपीचं काम परवीनकडे, ती मिरजेची, भारी काटेकोर. तिने आधी नानासोंचं डोकं शिकेकाईने धुतलं. (संशोधन म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मला हल्ली तो वासच आठवतो.) मग जयराज म्हणाला, मनातल्या मनात चेंडू धरा. नानासोंनी डोळे मिटून एवढा जोर लावला की कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मोजा ढिम्म. "गड्या, म्या जल्मात चेंडू धरला न्हाई," म्हणाले. कोपऱ्यातून बनुबाई म्हणाल्या, "आवं, मग लाल्या धरा की." लाल्या म्हणजे त्यांचा बोकड, गावातला नामचीन गुंड. आणि आत्या, मोजा खटकन मिटला! तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेत रोज लाल्या धरला जाऊ लागला.

परवा दिल्लीहून तपासणी समिती आली. जयराजने त्यांना अभिमानाने सांगितलं की वीज गेली तरी मोज्याची पकड सुटत नाही, आत बॅटरी बसवली आहे. समितीचे मोठे साहेब खूश झाले आणि त्यांनी नानासोंपुढे हात केला. नानासोंनी तो धरला. टाळ्या, फोटो. फोटो संपले, टाळ्या संपल्या, साहेबांचं हसू संपलं, तरी हात तिथेच. समीक्षा म्हणाली, "नानासो, सोडा आता मनात." तर ते डोळे मिटलेलेच ठेवून म्हणतात, "सोडू कसं? शेजाऱ्याच्या शाळवाच्या पिकात घुसंल की!" जयराजने घाबरून प्लग उपटला आणि मग त्याला स्वतःची बॅटरी आठवली. मोज्याचे पट्टे सोडवावेत तर नेमके साहेबांच्या बोटांखाली. साहेब हिंदीत काहीतरी देवाचं म्हणू लागले. शेवटी बनुबाई पुढे आल्या आणि नवऱ्याच्या कानाशी म्हणाल्या, "आवं, शेरडांच्या वाडग्याचं दार लावलंय म्या. सोडा निवांत." मोजा उघडला. बोटं चोळत साहेबांनी विचारलं, हा लाल्या कोण? आम्ही सगळे छताकडे बघायला लागलो. (अहवालात त्यांनी 'पकड उत्तम' असं लिहिलं आहे म्हणे.)

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या पुढचं. मंडळी जेवायला गेली, परवीनने मोजा काढला, बनुबाई नानासोंचा तळवा चोळत बसल्या. आणि अंगठा हलला. मोज्याशिवाय, एवढुसाच, झोपेतल्या बाळाचा हलतो तसा. नानासो त्याच्याकडे बघतच राहिले आणि म्हणाले, "लाल्यानं मान हलीवली वाटतं." आम्ही हसलो, मग बनुबाईंनी पदर तोंडाला लावला, आणि जयराज फोनवर बोलायला म्हणून बाहेर गेला. फोन टेबलावरच होता.

तुमचंही असंच होईल असा शब्द मी देत नाही, आत्या. सगळ्यांचं होत नाही. पण धरायला प्रत्येकाला आपापलं काहीतरी लागतं, आणि तुमचं मला ठाऊक आहे. शाळेला जाताना तुम्ही माझी वेणी घालायचात, आणि मी पळू नये म्हणून उजव्या मुठीत केस असे आवळायचात की माझ्या भुवया कपाळावर चढायच्या. वर्गाच्या फोटोत मी एकटीच चकित झालेली दिसते.

तुमची भाची,
संयोगिता

ता.क. – तुम्ही यायलाच हवं असा माझा मुळीच आग्रह नाही. सावकाश विचार करून कळवा.

आणखी ता.क. – वरचं खोटं आहे. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. तुमच्या हातात ज्याने दिलं तो चष्मेवाला जयराज. त्याला चहा द्या आणि दारातल्या गाडीत बसा. तुमची पिशवी अंकिताने कालच भरून ठेवली आहे. (सुनेबद्दल मनात जे काही आहे, त्यातलं थोडं आता कमी करा.)

शेवटचं ता.क. – डोक्याला तेल लावलं असेल तर राहू द्या, परवीन धुईल. आज मीच माझी वेणी घातली आहे. वाकडी आली आहे. येऊन धरा. सोडायचं नंतर बघू.