दाराआडची खुंटी

एरलेंडदादा,

तू म्हणालास म्हणून आज बुडी मारली. बाबांची बोट फियोर्डच्या तोंडाशी, जिथे खाडी समुद्राला मिळते तिथे, तळाशी कुशीवर पडलीय. पाणी इतकं गार की हवेची नळी दातांत धरून धरून दात दुखले. सोबत ओड्वारकाका होते, पण ते केबिनबाहेरच थांबले.

तुला एवढंच हवं होतं, बाबांचा जीवरक्षक सूट केबिनच्या दाराआडच्या खुंटीला आहे का. तो घातला की असल्या पाण्यातही माणूस कितीतरी तास तगतो. पण बाबा तो कधी घालायचेच नाहीत. "हा घालून मी मासे धरू, की माशांनी मला धरायचं?" सगळं बंदर हसायचं. म्हणूनच त्या वादळात तू म्हणालास, आता उपयोग नाही, शोधायला गेलेल्या बोटी मागे फिरवा. इथल्या कुणीही तेच म्हटलं असतं.

दादा, खुंटीला नुसती पिशवी आहे. चेन उघडी, आत काही नाही. बाबांनी सूट घातला होता.

वर आल्यावर काकांनी विचारलं, "खुंटीला होता?"

"होता."

"बरं झालं पोरी," म्हणाले आणि दोर गुंडाळत बसले.

आईलाही तेच सांगितलं. "हट्टी तो हट्टीच," म्हणाली आणि आज पोटभर जेवली.

मी फार दमलेय. हे पत्र शेगडीत टाकते आणि तुला फोन करते. सूट खुंटीलाच होता म्हणून सांगेन. तू विचारशील, नक्की? तेवढं एकदाच विचार. दुसऱ्यांदा मला जमणार नाही.

तुझीच,
गुन्वोर