सुईची पंगत

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
माघ शुद्ध पंचमी, शके १८४५

चि. सौ. बसव्वा हिला अप्पाचे पोटभर आशीर्वाद. जावई मडिवाळप्पा आणि विहीणबाई शिवबाई यांना आमचा नमस्कार सांग. इथे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे. यंदा ती अर्धीच पाळतो. तुझी अव्वा आणि मी हिंडतो-फिरतो आहोत, जेवतो आहोत, एवढं खरं.

प्लेगची सुई फुकट मिळते असं दवंडीवाला गल्लोगल्ली ओरडून गेला. ती खरी कितीला पडली ते ऐक. माझा डाव्या पायातला जोडा. तो रेटारेटीत गेला आणि उजव्याला विधुर करून गेला. नव्या सदऱ्याची एक बाही. तेलाच्या दुकानातल्या संगप्पाशी माझं बोलणं. ते काही दिवस पार बंद होतं. घरात दोन दिवस ताप आणि एक सुजलेला दंड. आणि तुझं पत्र. ते आलंच नाही, म्हणून तेही खर्चात धरलं.

पण एक सांगतो, आणि हे जावईबापूंनाही वाचून दाखव. सोलापुरात भले भले वकील-मास्तर सुईसाठी दवाखान्याच्या पायरीवर उन्हात बसले असताना आपल्या पेठेतले सगळे पुरुष एका सकाळीत टोचून घरी आले. ते कुणामुळे, तर तुझ्या बापाच्या कानांमुळे.

माझे कान तुला ठाऊकच आहेत. वळसंगहून आलो तेव्हा अंगावर एक धोतर होतं आणि स्टेशनात पोती वाहायची हमाली. पोतं जमिनीवर टाकलं की आवाजावरून सांगायचो, आत ज्वारी आहे की तूर. पुढे स्वतःचं भुसार दुकान झालं, पागोटं आलं, लोक शेटजी म्हणायला लागले. पण कान हमालाचेच ठेवले, म्हणून धंदा टिकला.

तर गड्ड्याची यात्रा सरली आणि गावात उंदीर मरून पडायला लागले. अर्धी पेठ माळावर खोपटं घालून राहायला गेली. आम्हीही गेलो. दिवसा दुकान, अंधार पडायच्या आत माळ. लोकांच्या तोंडी दुसरा विषय नाही. लस आली म्हणतात, मग जाते कुठे? संगप्पा दुकानाच्या फळीवर बसून रोज भांडायचा, आणि भांडायला समोर मीच.

"चनमल्ल्या, बंगल्यात सायबाच्या माळ्याला टोचलं, खानसाम्याला टोचलं. आता कुत्र्याला टोचणार म्हनत्यात."

"कुत्र्याला प्लेग होत न्हाई, संगप्पा."

"मग त्याला कशाला टोचत्यात?"

"अजून टोचलं कुटं हाय?"

"टोचतील की. आपला नंबर त्याच्या मागनं हाय, एवढं ध्यानात ठेव."

हसायचो आम्ही, आणि पुन्हा दवाखाना गाठायचो. दवाखान्याच्या दाराशी रोज तेच व्हायचं. सकाळी शेकडो माणसं, दुपारी चपराशी बाहेर येऊन सांगणार, संपली. आत कोण गेलं ते सगळ्यांनी पाहिलेलं असायचं: मोटारीतून उतरलेले. एके दिवशी कुणीतरी खिडकीवर दगड मारला. माझा जोडा गेला तो त्याच दिवशी.

मग मी माझी जुनी वाट धरली. मालधक्क्यावर चाँदभाई आहे, माझ्याबरोबर पोती वाहिलेला. तो म्हणाला, "शेटजी, दवाई की पेटी उतरी आज. काच का माल हे, हल्लू उठाव बोले." पेटी दवाखान्यात पोचायच्या आत मी डॉक्टरांच्या दारात उभा. ते मला म्हणाले, तुमच्या पेठेला परवा सकाळ देतो, पण एक जरी धक्का लागला तरी दार लावून घेईन. रांग तुम्ही लावा.

रांग कशी लावायची? कुणाला पुढे केलं तर मागचा पिढ्यान्‌पिढ्या बोलणार नाही. तेव्हा मला सुचलं. पेठेच्या जेवणावळीत कोण कुठे बसतो हे कुणाला सांगावं लागतं का? पोरालाही कळतं. म्हटलं, पंगतीला बसता त्या क्रमानं उभे राहा. आधी मठातले अय्या, मग वडीलधारे, मग बाकीचे. एक शब्द वाढला नाही, बसव्वा. डॉक्टर चष्मा काढून बघत राहिले. म्हणाले, एवढी शिस्त मी कचेरीतही पाहिली नाही. मी यजमान, म्हणून पुरुषांत सगळ्यात शेवटी उभा. छाती एवढी फुगली होती की सदऱ्याची बटणं सोडावी लागली.

गिऱ्हाईक आलं. थांबतो.

गिऱ्हाईक गेलं. दुपार झाली आहे. वर लिहिलेलं वाचून पाहिलं. गंमत बरी लिहिली आहे, पण तुला जे सांगायला बसलो ते त्यात कुठेच नाही.

मी तुला कार्ड पाठवलं होतं: "सध्या इकडे येऊ नये. कळावे." पहिलं बाळंतपण, सातवा सरलेला, बांगड्या भरून न्यायला कोण येतंय म्हणून तू दाराकडे डोळे लावलेले, आणि बापाचं असं कार्ड. तिथल्या बायका काय म्हणाल्या असतील ते अक्कलकोट एवढं लांब असूनही मला ऐकू येतं. भुसारवाल्यानं लेकीचा खर्च वाचवला, म्हणाल्या असतील. तू काही बोलली नसशील. तू लहानपणी रुसलीस तरी भांडी जोरात घासायचीस, बोलायची नाहीस.

अव्वानं तुझी खोली मार्गशीर्षातच सारवून ठेवली होती. बाज विणून घेतली, शेगडी आणली, डिंक, अळीव, बाळंतशोपा डब्यांत भरून फडताळात लावल्या. माझ्या जुन्या धोतराची दुपटी शिवली. म्हणाली, जुनं सूत पोराच्या अंगाला मऊ. रोज संध्याकाळी त्या खोलीत दिवा लावायची, आत कुणी नसताना.

पेठेतले लोक गेले म्हणून आम्ही माळावर गेलो, असं मी वर लिहिलं. तसं नाही. पेठेत सगळ्यांत आधी आम्ही गेलो. उंदीर आपल्या घरात पडला, बसू. त्या खोलीत, बाजेखाली. अव्वा दिवा लावायला गेली तेव्हा तिनं पाहिला. दिवा खाली ठेवला, बाहेर आली आणि मला म्हणाली, "तिला कळवा, येऊ नको म्हणावं. का ते लिहू नका. भरल्या दिवसांत भ्यायला नको." म्हणून कार्ड तेवढंच. आता आठवडे गेले, फवारणी झाली, कौलं काढून खोलीत ऊन सोडलं आहे, म्हणून लिहितो. खर्चाची गोष्ट नव्हती.

मग अव्वाच म्हणाली, ती येऊ शकत न्हाई तर मी जाते. मी म्हटलं, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी आपण पीत नाही, तू विहिणीच्या घरी महिना-दोन महिने काय खाशील? ती म्हणाली, "भाकरी." पण दुसरी अडचण होती. टोचल्याचा दाखला दाखवल्यावाचून सोलापूरच्या माणसाला अक्कलकोट संस्थानच्या हद्दीत सोडत नाहीत. म्हणून मला सुई हवी होती. पेठेसाठी नव्हे, तुझ्या अव्वाच्या एका दंडासाठी. बाकी सगळी पेठ त्या रांगेत तिच्या पदराला धरून आली म्हण.

आणि रांग मी पंगतीसारखी लावली.

आता तुझ्या ध्यानात आलं असेल. माझ्या ध्यानात दवाखान्याच्या अंगणात आलं. पंगतीत बायका मागून बसतात. पुरुषांच्या मागे, आवारातल्या लिंबाखाली, आपल्या पेठेतल्या बायका बाह्या वर सारून उभ्या होत्या. अव्वा होती, संगप्पाची म्हातारी आई होती. चाँदभाईनं सांगितल्यावरून मी धरून चाललो होतो की सगळ्यांना पुरून उरेल. पण पेटी दवाखान्यात पोचताना भरलेली आणि आमच्यापुढे उघडली तेव्हा अर्धी. बाकीची कुठल्या बंगल्यावर उतरली ते माझ्या कानांना अजून कळलेलं नाही. पुरुषांची रांग संपत आली तशी शेवटची बाटली संपली. डॉक्टरांनी हात धुतले.

संगप्पानं तिथंच माझी बाही धरली. "माझ्या आईला मागं उभी केलीस तू. बंगलेवाल्यांनी न्हाई, तू." बाही फाटली ती त्याच्या हातात. मला राग आला नाही. तो बरोबर बोलत होता.

घरी येताना अव्वा दोन पावलं मागे चालत होती, नेहमीसारखी. माळाजवळ आल्यावर बोलली. "पंगत तुमीच मांडली की. बायका मागनं जेवत्यात, तुमाला काय नवीन हाय? जेवन सरलं की आमी आमच्यापुरतं पिठलं करतो. सुईचं काय करू, तेवढं सांगा."

इतकी वर्षं ती पिठलं करत होती हे मला त्या दिवशी कळलं. जेवणावळी मी किती घातल्या, पेठेत कुणालाही विचार. शेवटी काय उरलं होतं ते कधी बघितलं नाही.

पुढचं माझ्या कानांचं कौतुक ऐक. दुकानाच्या मागच्या भिंतीपलीकडे कमलम्माचे माग आहेत. तुला लहानपणी रंगीत सुताची गुंडी द्यायची ती साळीण. दिवसभर खटखट चालू असते, मला आता ती ऐकूही येत नाही. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी एका सकाळी माग बंद पडले. मला वाटलं, त्यांच्यात काही सण असेल. मी तूर मापत राहिलो.

त्या संध्याकाळी अव्वा भाकरी थापताना डाव्या हातानं थापत होती. उजवा उचलतच नव्हता. म्हटलं, काय झालं? म्हणाली, टोचलं. कमलम्मानं एका डॉक्टरीणबाईंना गाठलं होतं. आमच्या बायका पुरुषापुढं दंड उघडा करत नाहीत, तुम्हीच या, म्हणून. माग थांबवून तिथंच सतरंजी घातली, आणि साळिणींबरोबर आपल्या पेठेतल्या बायकांनाही तिनं निरोप धाडला. पुरुषाला दारात उभं करायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून मला कुणी सांगितलं नाही.

मी विचारलं, "रांग कुणी लावली?"

"लावली न्हाई. कमलम्मा म्हनली, जिच्या घरी पाळना हलनार हाय तिनं पुढं या. मी गेले."

"आणि संगप्पाची आई?"

"तिला मी हाताला धरून संगती नेली. बाकीच्या कायबी बोलल्या न्हाईत. समद्यांना पुरलं."

एवढंच. एवढं सोपं मला सुचलं नाही. दोन दिवस तिला ताप होता, मी भाकऱ्या केल्या. त्या कशा झाल्या ते ती तुला सांगेलच, तेव्हा तू फार हसू नकोस, पोट दुखेल. संगप्पा काल दुकानात येऊन बसला. माझी बाही त्यानं शिवून आणली आहे. शिवण तेलकट आहे, पण धरली आहे घट्ट.

तर ऐक. अव्वा शुक्रवारच्या गाडीनं येते आहे. दाखला तिच्या कमरेच्या पिशवीत आहे. ती एकटीनं कधी गाडीत बसलेली नाही; जावईबापूंनी स्टेशनवर बैलगाडी घेऊन यावं आणि बायकांच्या डब्याकडे बघावं. डिंक, अळीव, बाळंतशोपा तिच्या गाठोड्यात आहेत. दुपटी उकळून, उन्हात वाळवून दिली आहेत, भिऊ नको.

एक काम तुझ्याकडे. ती लाजेनं मागे बसेल. सगळ्यांचं झाल्यावर बसते म्हणेल. तिचं ऐकू नकोस. विहीणबाईंना माझं नाव सांग आणि म्हणावं, अप्पांची विनंती आहे, हिला पहिल्या पंगतीला वाढा. गरम असताना. मी हे तिला तोंडानं सांगणार होतो. सांगता आलं नाही, म्हणून तुला लिहितो.

बाळ झालं की तार कर. मुलगा असो, मुलगी असो, मला सारखंच. मुलगी असेल तर बरंच, तिला तुझ्यासारखं लिहायला शिकवू.

तू म्हणशील, अप्पा का येत नाहीत, अव्वाला सोडायला तरी. येणार होतो. गाडीसाठी पागोटं बाहेर काढून ठेवलं होतं. पण हद्दीवर दाखला मागतात. नवी पेटी कधी उतरते म्हणून रोज मालधक्क्याकडे कान लावतो, अजून उतरलेली नाही. पेठेतले सगळे पुरुष टोचून झाले असं मी वर लिहिलं आहे. सगळे नाहीत. एक राहिला आहे, पंगतीत शेवटी उभा होता तो.

तुझा
अप्पा