क्लाइव्हचा ग्लास

टॅलोना
१४ सप्टेंबर

चिरंजीव क्लाइव्हला,

अनेक आशीर्वाद. दोन रस्ते पलीकडे राहणाऱ्या भावाला टपालाचं तिकीट लावून पत्र पाठवावं लागतंय, यावरून काय ते समज. फोन तू उचलत नाहीस.

मी मजेत आहे. गुडघा कुरकुरतो, पण झाडाला यंदा एवढी लिंबं लागलीत की दारावरून जाईल त्याच्या पिशवीत मी जबरदस्तीनं कोंबते. काल सकाळी पुलाखालच्या डोहात प्लॅटिपस दिसला! चोच वर काढून माझ्याकडे बघितलं आणि बुडाला. माझा आल्फ गेल्यापासून इतकं छान मला पहिल्यांदाच वाटलं.

ओढा जपणाऱ्या मंडळात अजून जाते. दगडाखालचे किडे चाळणीत घ्यायचे, मोजायचे, परत सोडायचे. अंगाभोवती काड्यांचं घर बांधून फिरणारे ते किडे मला फार आवडतात. विद्यापीठाची थुई म्हणते, "मर्लआजी, तुम्ही मोजलं की मी पुन्हा मोजत नाही." त्या कौतुकानं मी तीन दिवस फुगले होते.

तिच्या जुलैतल्या सभेचं तुला वाईट वाटलं, ते मला कळतं. तुझ्या सांडपाणी शुद्ध करायच्या केंद्राच्या खाली ओढ्यात फिट येऊ नये म्हणून घेतात ते औषध वरच्या बाजूपेक्षा वीसपट निघालं, असं ती म्हणाली. केंद्रात घाण मरते, पण हे औषध तसंच पार होतं, त्यात चालवणाऱ्याचा दोष नाही, हेही तिनं सांगितलं. ते ऐकतंय कोण! बेकरीवाला नेव्हिल ओरडला, "काय क्लाइव्ह, आता डॉक्टर कशाला, तुझाच नळ बस्स की!" सगळे हसले. तू टोपी उचललीस आणि गेलास.

आता ऐकते, ऑक्टोबरात केंद्र लोकांना दाखवतात त्या दिवशी तू ग्लास ठेवू नका म्हणालास. एकतीस वर्षं सगळ्यांसमोर स्वच्छ केलेल्या पाण्याचा ग्लास पिणारा माणूस तू.

इतका वेळ लिंबं आणि किडे चालवले, आता सांगते. थुईनं तपासला तो ओढ्याच्या पाण्याचा नमुना मीच भरला होता. आणि त्याच्या दोनच दिवस आधी मी आल्फचं कपाट आवरलं होतं. बुटांच्या मागे बिस्किटांचे तीन डबे होते. तिन्ही फिटच्या गोळ्यांनी भरलेले. रोज सकाळी बशीत गोळी मी ठेवायची, आणि हा बाबा ती खिशात घालायचा. गोळीनं झोप येते म्हणायचा ना. मला पत्ता नाही, क्लाइव्ह. ज्या फिटमध्ये तो गेला, ती कदाचित आलीच नसती.

उरलेली औषधं संडासात टाकायची नाहीत, औषधांच्या दुकानात परत द्यायची, हे जत्रेत टेबल मांडून मीच गावाला सांगते. पण दुकानातल्या बेरिलनं डबे उघडले असते, तर नवरा गोळ्या घेतो की नाही हे या बाईला कळलं नाही, असं झालं असतं. मी तिन्ही डबे संडासात ओतले आणि चार वेळा पाणी सोडलं.

थुईला परवा सांगितलं. ती म्हणाली, ऑगस्टचा आकडा खाली आलाय. शून्य नाही. गावात गोळ्या खाणारे आपण सगळेच आहोत. पण ते वीसपट माझे होते, तुझे नव्हते.

आता त्या दिवशी मी तुझ्या शेजारी उभी राहीन आणि हे सगळं मोठ्यानं सांगेन, नेव्हिलला पुढच्या रांगेत बसवून. बेरिललाही. सांगायचं ठरवल्यापासून झोप लागते मला. घरातले दोन चांगले ग्लास मी घासून ठेवलेत. पहिला मी पिणार.

तुझी थोरली बहीण,
सभेत सगळ्यांबरोबर हसली ती,
मर्ल