तहाला मंजुरी नाही

मंगळवार, ४ मार्च

घर विकायचं ठरलं म्हणे! कुणाचं घर? माझं. आणि मला कळलं कुठे, तर भाजीच्या दुकानात. मी कोथिंबिरीची जुडी हुंगत उभी होते, तेवढ्यात शेजारच्या आशाताई म्हणाल्या, काय हो मधुमतीताई, वॉटफर्ड सोडून लेकीकडे चाललात ना मिल्टन कीन्सला? श्रीकांतराव सांगत होते काल, कचऱ्याचा बिन बाहेर ठेवताना.

बिन बाहेर ठेवताना! जगाला सांगून झालं, बायको राहिली.

घरी येऊन विचारलं. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, मालविकाला हो म्हटलंय मी. का म्हटलं? तर तिथले रस्ते चांगले आहेत म्हणे. आयुष्यभर कौन्सिलच्या रस्ते खात्यात बसून राउंडअबाउट काढले ह्यांनी. मिल्टन कीन्सला पावलोपावली राउंडअबाउट, म्हणजे ह्या माणसाची काशी! आणि माझं काय? माझं स्वयंपाकघर, अलॉटमेंटवरची, भाड्याने घेतलेल्या तुकड्यातली माझी मेथी, माझी माणसं? पोरगी एकटी राहते, तिला एवढं मोठं घर झेपत नसेल तर तिने लग्न करावं. मी कधीपासून सांगतेय.

मी नाही जाणार. संपलं.

बुधवार, ५ मार्च

अबोला सुरू.

शुक्रवार, ७ मार्च

अबोल्याचेही नियम असतात. आमच्या आईने घालून दिलेले आहेत, त्यात मी काही कमीजास्त करत नाही. जेवण गरम वाढायचं. औषधाची आठवण करायची. फक्त माणसाशी बोलायचं नाही, वस्तूशी बोलायचं. मी केटलीशी बोलते. "कुणाला चहा हवा असेल तर ओट्यावर ठेवलाय." हे फ्रिजशी बोलतात. "चहात आलं जास्त झालंय असं कुणाला वाटतं का?" नाही वाटत. गप प्या.

बाकी ह्यांना काही फरक पडलेला नाही. दिवसभर लॅपटॉप आणि तो मेला अमेरिकन. दिवाळीत मालविकाने नाद लावून दिला. अमेरिकेतल्या कुठल्याशा लायब्ररीत जुन्या सरकारी माणसांची पत्रं आहेत, देश नुकता स्वतंत्र झाला तेव्हाची. डावीकडे पत्राचा फोटो, उजवीकडे रिकामा चौकोन. वाचायचं आणि चौकोनात टाइप करायचं. मग दुसरा कुणीतरी ते तपासतो. पगार नाही, काही नाही. घरचं वाण्याचं सामान आणायला सांगितलं तर ह्यांची कंबर धरते, आणि परक्या देशाची पत्रं लिहायला चार-चार तास बसतात.

ह्यांच्या वाट्याला आलाय इझ्रा पेलम. वकील. नव्या सरकारने व्यापाराची बोलणी करायला युरोपात धाडलेला. मी तरी हे नाव कधी ऐकलेलं नाही.

सोमवार, १० मार्च

आज फ्रिजला बरीच माहिती मिळाली. पेलमने तिकडे तह करून टाकला, वरून परवानगी आलेली नसताना! कारण काय, तर पत्र जहाजाने जायला दोन महिने, उत्तर यायला दोन महिने, तोवर समोरचा थांबतो थोडाच? माणसाला कधीकधी विचारायला सवडच मिळत नाही, असं हे फ्रिजला फार कळवळून सांगत होते.

मी केटलीला विचारलं, बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात पत्र यायला किती महिने लागतात गं?

मग जेवताना परत सुरू. म्हणे राजदूताने सही केली तरी तह लागू होत नाही. सिनेटची मंजुरी लागते, दोन-तृतीयांश मतं. हे ऐकलं आणि मला एकदम हुरूप आला! केटलीला म्हटलं, आमच्या सिनेटात सभासद दोन. दोनाचे दोन-तृतीयांश किती होतात ते इंजिनिअर माणसाने सांगावं.

ह्यांनी खरंच हिशेब केला. आमटीभाताचा घास तसाच हातात. फ्रिजला म्हणाले, एक पूर्णांक एक-तृतीयांश. म्हणजे दोघंही लागणार.

बघा. शिकलेल्या माणसाशी भांडायचं हेच सुख आहे.

गुरुवार, १३ मार्च

पत्र आलं! मला! सकाळी फ्रिजवर चुंबकाखाली एक, आणि चहाच्या डब्याखाली अगदी तेच दुसरं. पेलमची पद्धत. तेव्हा जहाजं बुडायची, म्हणून एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांनी पाठवायचे. आमच्या स्वयंपाकघरात काय बुडतंय देव जाणे.

सुरुवात, "सौ. मधुमतीस अनेक उत्तम आशीर्वाद." आशीर्वाद कुणी मागितले होते? इथे घर चाललंय माझं! शेवटी, "आपला अत्यंत आज्ञाधारक व नम्र सेवक, श्री. वि. गोखले." हेही पेलमचंच. तो म्हणे ज्याच्याशी हाडवैर त्यालाही असंच लिहायचा. मधल्या मजकुराचं अक्षर लागत नाही. "जिना" आणि "गुडघे" एवढं लागलं. माझे गुडघे ठणठणीत आहेत.

पिझ्झाच्या जाहिरातीच्या पाठीवर लिहून फ्रिजला लावलं: तहाला मंजुरी नाही. अक्षर सुधारा.

शनिवार, १५ मार्च

तिसरी प्रत पोस्टाने आली. तिकीट लावून! पत्ता आमचा, पाठवणाऱ्याचा पत्ता आमचा. पोस्टमन दारात बराच वेळ माझ्याकडे बघत होता.

मंगळवार, १८ मार्च

हे चालायला गेले तेव्हा लॅपटॉप उघडा होता. मी पुसायला म्हणून गेले आणि बसले वाचत. चांगला तासभर.

पेलमची दोन तऱ्हांची पत्रं आहेत. एक अधिकृत. लांबलचक, त्यात जकात, गलबतं, अमक्या मंत्र्याची मर्जी. आणि त्याच दिवशीचं दुसरं, वर "खासगी" लिहिलेलं, बायकोला. अर्धं पान. त्यात म्हणतो, इथे सगळे मला मान देतात, पण मला थंडी वाजते ती कुणाला कळत नाही. ती बाई, हॅना तिचं नाव, मागे शेत सांभाळून होती. तिने उत्तरात आधी गाईचं दुखणं लिहिलं, मग तुम्ही परस्पर मुक्काम वाढवलात म्हणून झाडलं, आणि सगळ्यात शेवटी लिहिलं की लोकरीचे मोजे पाठवलेत. माझी बाई ती! मला तर ती अगदी आपल्याकडचीच वाटली.

डोळ्यांत पाणी आलं थोडं. कबूल करते, वहीतच आहे.

मग मीही एक चिठ्ठी लावली: अधिकृत पत्र पोचलं. रस्ते आणि जिने कळले. खासगी पत्र कुठे आहे?

हे आले. वाचलं. बूट न काढता तसेच उभे राहिले. मग माझ्याच चिठ्ठीखाली लिहिलं, ह्या वेळी सुवाच्य अक्षरात: "खासगी पत्र सध्या पाठवता येत नाही."

म्हणजे काय? माझ्यापासून लपवण्यासारखं ह्यांच्याकडे आहे तरी काय? रात्री पोळ्या जरा कडकच केल्या.

शुक्रवार, २१ मार्च

दुपारभर एका बोटाने टाइप करत होते. मी जवळ गेले की लॅपटॉप मिटायचा. मग प्रिंटरपाशी जाऊन उभे राहिले, प्रिंटरवर दोनदा थाप मारली. कागद काही आला नाही. चेहरा पडलेला.

मंगळवार, २५ मार्च

हसू की रडू!

शुक्रवारी हे मलाच पत्र लिहीत होते. आता ह्यांना टाइप करायला ठाऊक असलेली एकच जागा, तो पेलमचा चौकोन. तिथेच लिहिलं सगळं, इंग्रजीत, पेलमच्या थाटात. आणि छापण्याऐवजी "सबमिट" दाबलं! पत्र गेलं थेट अमेरिकेला, पेलमच्या नावावर, तपासणीसाठी.

तिकडे ओहायोच्या कुणा बाईने ते तपासलं. तिने लिहिलंय म्हणे, की काम नेहमीप्रमाणे उत्तम, पण मूळ पानात प्रेशर कुकर कुठे दिसला नाही. मेथीचा वाफा, गॅरेजमधली लोणच्याची बरणी आणि "माझी बायको माझ्याशी बोलत नाही" हेही दिसलं नाही. आणि खाली, तुमची हरकत नसेल तर सांगते, माझं मत बाईंना.

तिला धरून सभासद तीन, त्यात आम्ही दोघी. दोन-तृतीयांश झाले की हो!

पण खातं मालविकाच्या ईमेलवर काढलेलं. सगळं तिच्याकडे गेलं. तिचा फोन आला, ह्यांनी चुकून स्पीकरवर घेतला. तिने सगळं वाचून दाखवलं आणि आपल्या इंग्लंडी मराठीत ओरडलीच. "बाबा, हा काय आहे? तू मला बोलला ना, आई खूप हॅपी आहे, पॅकिंग करते!"

पॅकिंग! मी केटलीकडे बघितलंसुद्धा नाही, एवढी चिडले. मला विचारलं नाही ते नाही, वर पोरीला खोटं सांगितलं! हे नुसते "बेटा, बेटा" करत राहिले. मग फोन घेऊन बागेत गेले. थंडीत. स्वेटर न घालता.

रविवार, ३० मार्च

पाडवा, इथला मदरिंग संडे म्हणजे आईचा दिवस, आणि उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करायचा दिवस, तिन्ही एकदम. गुढी जुन्या वेळेने उभारायची की नव्या, ह्यावर एरवी आम्ही तासभर भांडलो असतो. अबोल्यामुळे गुढी शांतपणे उभी राहिली.

मालविका आली. डॅफोडिल्स आणलेली. एवढा मोठा ढगळ लोकरी जंपर, तोंड उतरलेलं. श्रीखंडाला हात लावला नाही. मी म्हटलं, असे कपडे घालतेस म्हणून कुणी वळून बघत नाही. आणि विषय निघालाच आहे तर मूळच्या पुण्याच्या, इथे स्लाऊमध्ये नोकरी करणाऱ्या एका मुलाचं सांगितलं, घटस्फोटित आहे पण सालस आहे, तुझ्या वयाला आता कुंडली बघत बसायची नसते.

तिने चमचा खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "आई, तू नको येऊ. मी बाबाला विचारला ती माझा चूक झाली. तुझा घर तू ठेव."

मी म्हटलं, मग बोलावलंस तरी कशाला? तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी ताटाकडे. दोघांच्या मनात काहीतरी एकच चाललं होतं आणि मी आपली श्रीखंडाचं भांडं धरून मध्ये उभी. ती रडायला लागली. मी पाणी दिलं. लहानपणी पडली की जवळ घ्यायचे, आता एवढी उंच झालीय की हात कुठून घालायचा तेच कळेना.

हे तिला गाडीपर्यंत सोडायला गेले ते कितीतरी वेळ आले नाहीत.

सोमवार, ३१ मार्च

ह्यांनी एजंटला फोन करून घर विकायचं नाही म्हणून सांगितलं. जिंकले मी.

अलॉटमेंटवर जाऊन आले. मेथी पेरायची होती, पेरली नाही. बाकावर बसून राहिले. जिंकल्यावर माणसाला बरं वाटतं ना? मला नाही वाटलं. पोरीचं तोंड सारखं समोर येतंय.

संध्याकाळी हे स्वयंपाकघरात आले. फ्रिजशी नाही, खिडकीशी बोलले. "मी कुणाला तरी शब्द दिलाय, म्हणून मला बोलता येत नाही. पण एकदा लेकीला फोन करावा. आणि आधी ऐकून घ्यावं."

बुधवार, २ एप्रिल

फोन केला. आधी ऐकून घेतलं. फार जड गेलं.

मालविकाला चौथा महिना आहे. नवरा नाही, कुणी माणूस नाही. डॉक्टरकडे जाऊन, विचार करून, तिला मूल हवं म्हणून. पहिलं स्कॅन व्हायच्या आधी बाबाला सांगितलं आणि त्याच्याकडून वचन घेतलं, आईला मीच सांगेन. मग सांगायला तोंड उघडायची, तर माझं स्थळांचं सुरू. म्हणाली, "आई, मला तुझा भीती वाटतो. पण मला तूच पाहिजे."

घरभर ओरडावं असं खूप आलं होतं मनात. लोक काय म्हणतील, हेही आलं. तोंडातून निघालं ते एवढंच, "काय खावंसं वाटतंय तुला?"

तिने नाक ओढलं. मग म्हणाली, चिप्स. खूप व्हिनेगर घालून.

आंबटच मागितलं! फोन ठेवला, कोट घातला, बाहेरच्या खोलीत जाऊन ह्यांच्या तोंडाकडे बघून म्हटलं, "अहो, उठा. गाडी काढा."