पांढरे गमबूट

बाबा,

आज माझी शेवटची मॅच झाली. गोल काही झाला नाही. बॉल दोनदा पोस्टला लागून परत आला. संपल्यावर रिवाजाप्रमाणे आम्ही रांगेत उभ्या राहून आधी आपल्या प्रेक्षकांपुढे वाकलो, मग पाहुण्या संघाच्या.

तिथे तुम्ही होतात, नेहमीसारखेच. गावातल्या कुणी ओळखू नये म्हणून गळ्यात पाहुण्या संघाच्या रंगाचा टॉवेल, डोळ्यांवर टोपी आणि पायांत आपल्या टोफूच्या दुकानातले पांढरे गमबूट! अहो, वेषांतर करायचं तर बूट तरी बदलावेत!

"गोल मारून टोफू घट्ट होतो का? मी नाही येणार बघायला," असं तुम्हीच सांगून टाकलं होतंत. तुमचा शब्द राहावा म्हणून इतकी वर्षं मी ओळख दाखवली नाही. फक्त त्या बाजूला जरा जास्त वेळ वाकून राहायचे. मैत्रिणी कुजबुजायच्या, "अगं, सरळ हो की, ते त्यांचे लोक आहेत!"

आज मान वर केली, तर सगळे टाळ्या वाजवत होते. तुम्ही एकटेच टोपी काढून, माझ्यासमोर कमरेत वाकून उभे होतात.

हे पत्र काही मी देणार नाही. आता घरी जेवायला येतेय. विचारेन, "दिवसभर कुठे होतात?"

"दुकानात," म्हणा.

तुमची,
मिओरी