चाळीस जणींचे सोमवार

शुक्रवार, २५ जुलै
शैलेशभाऊजी आज जेवता जेवता पुन्हा तेच — "वहिनी, पूर्वीला एमबीबीएस केलंत, पुरे की! स्टेशनजवळ गाळा बघतो, दवाखाना टाकू दे." नाही टाकणार! पोरीला मधुमेहाची तज्ज्ञ व्हायचंय, त्यासाठी इंग्लंडात शिकायचंय. तिथे नुसत्या मार्कांवर घेत नाहीत म्हणे. स्वतः काय शोधलंत, कुठे मांडलंत, ते विचारतात. पूर्वीच्या अर्जात ती जागा कोरी.
भाऊजींकडे त्यालाही उपाय! त्यांच्या ओळखीचा कोणी तयार लेखात नाव घालून देतो. म्हटलं, "शंकराच्या फोटोखाली बसून बोलताय हे. आमटी वाढू का?"

शनिवार, २६ जुलै
पूर्वीनं प्रश्न माझ्या भजनी मंडळातूनच उचललाय. साखरेची गोळी घेणाऱ्या बायका श्रावणी सोमवारी कडक उपास करतात, तेव्हा त्यांची साखर किती उतरते? कॉलेजच्या समितीची परवानगी आलीय. बायका जमवणं माझ्याकडे. मंडळाची हजेरी बारा वर्षं मीच ठेवते, कुणाला गोळी चालू ते तोंडपाठ. मलाही आहेच की, सहा वर्षं.

सोमवार, २८ जुलै
चाळीस! माझं धरून चाळीस. देवळाच्या सभागृहात रांग. धाकट्या आर्यनच्या शाळेच्या वह्यांची कोरी पानं शिवून वही केली, रकाने आखले. मी विचारायचं आणि लिहायचं, पूर्वीनं बोट टोचायचं. "सकाळपासून काय खाल्लं?" या रकान्यात चाळीस वेळा "काही नाही". महादेवा, काय बायका आहेत माझ्या!

बुधवार, ३० जुलै
पूर्वी वही पुढ्यात घेऊन म्हणाली, "आई, चाळीसातल्या एकीनंही चहा घेतला नाही? पनवेलमध्ये?"
"श्रद्धा असते."
"साखरेचे आकडे तसं म्हणत नाहीत."
भांडलो. माझ्या वहीत खोटं? रात्री जेवले नाही.

गुरुवार, ३१ जुलै
ठमाबाईला जिन्यातच गाठलं. कोळीवाड्यातली, मंडळात टाळ वाजवते. म्हटलं, खरं सांग. ती हसायलाच लागली!
"तू वही घेऊन समोर बसलेलीस, बाय. गेल्या साली उपासाला चहात बिस्कीट बुडवलान म्हणून रंभेला पयल्या रांगेतून उठवलंस, इसरलीस? तुज्यासमोर कोन सांगनार? आमी दोन भाकऱ्या खाऊन आलेलो. गोळी घ्यायची तर पोटात नको काय?"
घरी येऊन पूर्वीला सगळं सांगितलं.

शुक्रवार, १ ऑगस्ट
पूर्वीनं चाळीसही आकडे रद्द केले. डॉक्टरांच्या परिषदेत हे मांडायचं, तर पाठवायची मुदत वीस तारीख.

रविवार, ३ ऑगस्ट
भाऊजी — "रद्द कशाला? आकडे आहेत ना, द्या छापून. कोण बघायला येतंय?"
पूर्वी तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, "मी बघतेय! बारा वर्षांत एकीची खोटी हजेरी लावली नाही मी. अर्ज कोरा गेला तर कोरा जाईल. माझी पोरगी उद्या कुणाला तरी गोळी लिहून देणार आहे, ती काय असल्या आकड्यांवर?"
आणि रिकामं ताट त्यांच्याच हातात दिलं. मोरी तिकडे आहे!

मंगळवार, ५ ऑगस्ट
पुढच्या सोमवारी पुन्हा. यावेळी नाव नाही, नुसता नंबर. माझी जुनी चादर पडदा म्हणून. लिहिणार पूर्वीच. मी बाहेर, चपलांपाशी.
आज भजनात रंभेला पुढे बसवलं. माफीबिफी मागितली नाही. माझे टाळ तिच्या हातात दिले.

रविवार, १० ऑगस्ट
सगळ्या येतो म्हणाल्या. भाऊजी म्हणे, "पुन्हा खोटंच सांगतील." बघू या!

सोमवार, ११ ऑगस्ट
एकोणचाळीस जणी पडद्याआड जाऊन आल्या. ठमाबाई तर माझ्यासमोर मुद्दाम ढेकर देऊन गेली. मग मी उठले, आत गेले. पूर्वीनं मान वर न करता विचारलं, "सकाळपासून काय खाल्लं?"
या रोजनिशीतही कधी लिहिलं नव्हतं, ते तिला सांगितलं — दोन भाकऱ्या आणि दूध. तुम्ही सगळे उठायच्या आत. सहा वर्षं, दर सोमवारी.